दान आणि लिलाव
(वरळी येथील बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या माझ्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. विहारात बसून लिलावाची चर्चा कशासाठी? शील, समाधी, प्रज्ञा हे आपले विषय. मूर्ती, शोभेच्या वस्तू आणि जडजवाहीर यांची खरेदी-विक्री हा धनिकांचा व्यवहार. त्याच्याशी चाळीत राहणाऱ्या बौद्ध कुटुंबाचा काय संबंध, असा प्रश्न आपण विचाराल. संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे. ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांनी तर तो विशेष समजून घेतला पाहिजे.

प्रथम हे सांगतो की, लिलाव हा शब्द आपल्याला परका नाही. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. संप लांबला, घरातील धान्य संपले आणि आईने आपल्या कानांतील सोन्याची फुले एका पेढीवर गहाण टाकली. व्याज थकले, मुदत टळली. नंतर एक पोस्टकार्ड आले. त्यावर लिलावाची तारीख होती. त्या दिवशी आई काही बोलली नाही. आमच्या आजीने तिच्या लग्नात ती फुले दिली होती. पेढीच्या वहीत मात्र एवढेच लिहिले होते की, सोने इतके गुंज, किंमत इतकी. आजीचे नाव तेथे नव्हते. लिलावाचा स्वभाव मी त्या दिवशी ओळखला. वस्तू दिली कोणी, दिली कोणाला आणि कोणत्या भावनेने, हे सारे लिलावात पुसले जाते. उरते ते वजन, रूप आणि बोली.

आता हीच गोष्ट एका फार मोठ्या दानाच्या बाबतीत कशी घडली, ते ऐका.

उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ पिप्रहवा नावाचे गाव आहे. पूर्वी ते बस्ती जिल्ह्यात होते, आज सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. तेथे बर्डपूर जमीनदारीचा कारभार पाहणारे विल्यम क्लॅक्स्टन पेपे नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी आपल्या जमिनीतील विटांचा एक मोठा उंचवटा खणावयास घेतला. जानेवारी 1898 मध्ये खोल तळाशी एक प्रचंड दगडी पेटी लागली. पेटीत शंखजिऱ्याचे करंडक आणि माशाच्या आकाराची मूठ असलेला एक स्फटिकाचा करंडक होता. त्यांच्यासोबत अस्थींचे अवशेष, रक्षा आणि सुमारे अठराशे रत्ने व अलंकार होते. त्यांत अकीक होते, मोती होते, पोवळी होती, जांभळे व तांबडे मणी होते, सोन्याच्या पातळ पत्र्यावर उठविलेल्या आकृती होत्या, नाजूक कोरलेली फुले व पाने होती.

एका करंडकावर ब्राह्मी लिपीत छोटा लेख कोरलेला होता. त्याच्या शब्दार्थाविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाले. परंतु सर्वसाधारणपणे मानला गेलेला अर्थ असा की, शाक्यकुळातील भगवान बुद्धांच्या अवशेषांचे हे निधान सुकीर्तीच्या बंधूंनी, आपल्या बहिणींसह, पुत्रांसह आणि पत्नींसह केले आहे. भगिनींनो, या ओळीकडे तुम्ही लक्ष द्यावे. दान देणाऱ्यांमध्ये बहिणी आहेत, बायका आहेत, मुले आहेत. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी एका कुटुंबाने एकत्र येऊन दान दिले आणि दगडावर नोंद करताना घरातील स्त्रियांना वगळले नाही. त्या पेटीतील मणी कोणाच्या गळ्यातील होते आणि फुले कोणाच्या कानांतील, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. परंतु ती माणसांच्या अंगावरून आणि हातांतून तेथे आली असावीत, असे मला वाटते.

मग पुढे काय झाले? त्या काळी 1878 चा भारतीय गुप्तधन कायदा लागू होता. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत पुरलेली सापडली, तर ती कलेक्टरला कळवावी, असा तो कायदा. म्हणजे स्तूपात ठेवलेले दान आणि चोराच्या भीतीने पुरून ठेवलेला हंडा, या दोहोंना कायद्याने एकाच मापाने मोजले. ब्रिटिश सरकारने अस्थींचे अवशेष सयामच्या राजाला, म्हणजे राजे चुलालाँगकोर्न यांना भेट दिले आणि त्यांचा काही भाग पुढे ब्रह्मदेश व सिंहल येथील बौद्धांकडे गेला. करंडक आणि बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये गेली. पेपे यांना सुमारे पंचमांश रत्ने ठेवून घेण्याची परवानगी मिळाली. कारण काय, तर ती दुबार नग आहेत! एकासारखी दुसरी वस्तू आहे, म्हणून दुसरी फाजील ठरली. आता मला सांगा, दानात दुबार असे काही असते काय? दहा माणसांनी दहा सारखी फुले वाहिली, तर नऊ फुले फाजील ठरतात काय? ज्याने वाहिले त्याच्यापुरते प्रत्येक फूल एकच असते.

ती पंचमांश रत्ने पेपे कुटुंबात पिढ्यान् पिढ्या राहिली. 2025 मध्ये त्यांच्या वंशजांनी ती सदबीज या जगप्रसिद्ध लिलावसंस्थेकडे विक्रीसाठी दिली. तीनशेहून अधिक रत्ने, विक्रीचे ठिकाण हाँगकाँग, दिवस 7 मे 2025 आणि अपेक्षित किंमत सुमारे दहा कोटी हाँगकाँग डॉलर. त्या वर्षीची वैशाख पौर्णिमा 12 मे रोजी होती. ज्या आठवड्यात जगभरचे बौद्ध भगवंतांच्या जन्माचे, संबोधीचे आणि महापरिनिर्वाणाचे स्मरण करण्याची तयारी करीत होते, त्याच आठवड्यात भगवंतांच्या अस्थींसोबत ठेवलेल्या दानावर हातोडा पडावयाचा होता.

लिलावाची रीत आपण जाणून घ्यावी. संस्था प्रथम सुंदर छायाचित्रांची यादी छापते. तीत वस्तूचा काळ, मोजमाप आणि ती आजवर कोणाकोणाच्या हातून आली याची हकीगत असते. किमान किती किमतीखाली वस्तू द्यावयाची नाही, हे विक्रेत्याशी गुप्तपणे ठरलेले असते. मग पुकारा होतो, बोली चढत जाते आणि शेवटी हातोडा पडतो. विकत घेणाऱ्याला बोलीशिवाय संस्थेची दलालीही भरावी लागते. घेणारा कोण, हे पुष्कळदा बाहेर कळत नाही. एकदा वस्तू खाजगी तिजोरीत गेली की, ती पुन्हा केव्हा दिसेल, याचा नेम नाही. या रीतीत सर्व कायदेशीर असू शकते, सर्व कागद व्यवस्थित असू शकतात, आणि तरीही ज्यांच्यासाठी ती वस्तू पवित्र आहे त्यांना विचारण्याची जागा त्यात कोठेच नसते.

विक्रेत्यांची बाजूही सांगितली पाहिजे. आपण बौद्धांनी एकांगी बोलू नये. पेपे यांच्या पणतूंनी जाहीरपणे असे म्हटले की, ही रत्ने बौद्धांच्या हाती जावीत यासाठी लिलाव हाच सर्वांत न्याय्य आणि उघड मार्ग आहे. मी त्यांच्या हेतूविषयी शंका घेत नाही. परंतु हा मार्ग न्याय्य कोणाला? ज्याच्याजवळ दहा कोटी डॉलर आहेत त्याला. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बौद्धाला त्या सभागृहात बोली लावता आली असती काय? दार सर्वांना उघडे आहे, परंतु प्रवेशाची किंमत एवढी आहे; अशा समतेचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही.

जगभरातील बौद्धांनी आणि अभ्यासकांनी या विक्रीस विरोध केला. भारत सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने कायदेशीर नोटीस पाठविली आणि लिलाव ऐनवेळी पुढे ढकलण्यात आला. 30 जुलै 2025 रोजी ही रत्ने भारतात परत आल्याचे जाहीर झाले. सरकारच्या सहकार्याने मुंबईच्याच गोदरेज उद्योगसमूहाने ती विकत घेतली होती. 3 जानेवारी 2026 रोजी दिल्लीतील राय पिथोरा सांस्कृतिक संकुलात त्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि 1898 मध्ये वेगळे झालेले हे दान कलकत्त्याच्या संग्रहालयातील करंडकांसह पुन्हा एका छताखाली आले.

ही आनंदाची गोष्ट आहे, यात संशय नाही. परंतु आनंदाच्या भरात प्रश्न विसरून चालणार नाही. रत्ने परत आली ती हक्क मान्य होऊन आली नाहीत. पैसे मोजून आली. घरातून गेलेली वस्तू विकत घेऊन परत आणली, तर ती घरी येते खरी, परंतु ती आपली होती हे समोरच्याने कबूल केलेले नसते. शिवाय, या संग्रहाचा मोठा भाग राष्ट्रीय संग्रहालयाला पाच वर्षांच्या मुदतीने देण्यात येईल, असे त्या वेळी जाहीर झाले. मुदत संपल्यावर काय? हा प्रश्न कोणावर आरोप करण्यासाठी मी विचारीत नाही. ज्यांनी खर्च केला त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु बौद्ध जनतेने नम्रपणे आणि ठामपणे ही मागणी केली पाहिजे की, हे दान कायमचे सार्वजनिक व्हावे, त्याचे दर्शन विनामूल्य असावे आणि त्याच्या व्यवस्थेत बौद्धांचा विचार घेतला जावा. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराच्या व्यवस्थापनाचा 1949 चा कायदा आपणास माहीत आहे. त्या समितीत जिल्हाधिकारी अध्यक्ष, चार सभासद बौद्ध आणि चार हिंदू. त्या कायद्याविरुद्ध फेब्रुवारी 2025 पासून बौद्धांनी तेथे नव्याने आंदोलन सुरू केले. विहार असो की रत्न असो, प्रश्न एकच आहे. आमच्या श्रद्धेच्या वस्तूविषयी निर्णय घेताना आम्हाला जागा आहे की नाही?

येथे एखादा विचारी तरुण उठून म्हणेल, "आपण तर चमत्कार मानीत नाही. मग हाडे आणि मणी यांच्याविषयी एवढी आस्था का? ही दुसऱ्या नावाने मूर्तिपूजाच नव्हे काय?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या ग्रंथांतच आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी आनंदाला सांगितले की, माझ्यानंतर मी शिकविलेला धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता राहील. शरीराच्या पूजेत भिक्षूंनी गुंतू नये, असेही सांगितले. तेव्हा मणी हातात आला म्हणजे मुक्ती मिळाली, असे मानणारा बौद्ध नव्हे. अवशेष आपल्याला काही देत नाहीत. ते आपल्याला आठवण करून देतात की, बुद्ध हा देव नव्हता, अवतार नव्हता. तो या मातीत चालला, वृद्ध झाला आणि इतर माणसांप्रमाणेच त्याच्या देहाचे दहन झाले. या गोष्टीचा याहून भक्कम पुरावा कोणता?

त्याच सुत्तात आणखी एक प्रसंग आहे आणि तो आजच्या विषयाला थेट लागू पडतो. कुशीनगरला दहन झाल्यावर अवशेषांसाठी निरनिराळी राज्ये आणि गण पुढे आले. प्रत्येकाने हक्क सांगितला, शस्त्रे निघण्याची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने सर्वांना समजाविले की, ज्यांनी क्षमा शिकविली त्यांच्या अस्थींवरून युद्ध व्हावे हे शोभत नाही. त्याने आठ समान वाटे केले. कपिलवस्तूच्या शाक्यांना त्यांतील एक वाटा मिळाला आणि पिप्रहव्याचे दान त्याच परंपरेतील मानले जाते. त्या दिवशी मगधाचा राजा अजातशत्रू सर्वांत श्रीमंत होता. किमतीवर निर्णय झाला असता, तर सारे अवशेष मगधाला गेले असते. निर्णय वाटपाने झाला. अवशेषांच्या वाटणीचा बौद्ध कायदा म्हणाल तर तो हा आहे.

अशी प्रकरणे पुष्कळ आहेत; दोन-तीनच सांगतो. सांचीजवळच्या स्तूपांतून 1851 मध्ये निघालेले सारिपुत्त व मोग्गलान या अग्रश्रावकांचे अवशेष लंडनच्या संग्रहालयात पोहोचले होते. महाबोधी सोसायटीने मागणी लावून धरली, 1947 मध्ये ते लंडनहून निघाले आणि 1952 मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची स्थापना झाली. तेथे बोली लागली नाही. मागणी करणाऱ्यांच्या चिकाटीने काम झाले. दुसरे उदाहरण नालंद्याचे. 1961 मध्ये नालंद्याच्या संग्रहालयातून चौदा कांस्यमूर्ती चोरीस गेल्या. त्यांपैकी एक बुद्धमूर्ती 2018 मध्ये युरोपातील कलावस्तूंच्या बाजारात ओळखू आली. ओळख पटली ती जुन्या नोंदींमुळे, आणि 15 ऑगस्ट 2018 रोजी लंडनच्या पोलिसांनी ती भारताच्या स्वाधीन केली. तिसरे उदाहरण आपल्या राज्याचे. नागपूरकर भोसल्यांचे संस्थापक रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात आली. महाराष्ट्र सरकारने ती 47 लाख 15 हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. या तीन उदाहरणांतून धडा असा की, जेथे नोंद आहे तेथे वस्तू मागता येते. जेथे मागणी लावून धरणारा समाज आहे तेथे ती मिळतेही. आणि जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे खिशात हात घालण्यावाचून उपाय राहत नाही.

आपणास दिल्लीपर्यंत जाणे शक्य नसेल. परंतु दादरहून विरारची गाडी पकडलीत, तर नालासोपाऱ्याला उतरता येईल. हे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील बुरुड राजाच्या कोटाच्या टेकाडात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. तेथेही दगडी पेटी निघाली. तीत एकात एक ठेवलेले करंडक होते. तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सुवर्णकरंडकात मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे होते. भोवती सोन्याची फुले होती आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती. हे दान मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आले आणि त्याचा लिलाव झाला नाही. बंधूंनो, त्या कारागिरांनी सोने कोठे वापरले आणि मातीला कोठे ठेवले, ते पाहा. बाजार सोन्याचा भाव करील आणि मातीचा तुकडा फेकून देईल. आपल्या पूर्वजांनी मातीचा तुकडा मध्यभागी ठेवला आणि सोने त्याच्या रक्षणासाठी बाहेर उभे केले. भिक्षापात्राच्या त्या तुकड्यांना मोल आहे, कारण बुद्धाने ते हाती धरले होते, अशी देणाऱ्यांची श्रद्धा होती. सोपाऱ्याजवळच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 मध्ये मिळाला आणि नवव्याचा तुकडा 1956 मध्ये भुईगावला मिळाला. ज्या वर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर आपला समाज पुन्हा धम्माकडे वळला, त्याच वर्षी मुंबईच्या उत्तरेस अशोकाचा शब्द पुन्हा जमिनीबाहेर आला. याला मी दैवी संकेत म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की, आपण ज्या जमिनीवर राहतो ती बौद्धांना परकी नाही.

आता घरच्या चार गोष्टी सांगून थांबतो.

पहिली गोष्ट शोभेच्या वस्तूंची. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील 556 कुटुंबांना नव्या इमारतीतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या आणि इतरांचीही पाळी येत आहे. नवे घर सजविण्याची हौस असणारच. दुकानांत बुद्धाचे केवळ मस्तक मिळते, दिव्याखाली किंवा फुलदाणीशेजारी ठेवण्यासाठी. हे मस्तक कोठून आले, ते जाणून घ्या. गांधारापासून कंबोडियापर्यंत लुटारूंनी मूर्तींची मस्तके धडावेगळी केली, कारण संपूर्ण मूर्ती नेण्यास जड आणि मस्तक विकण्यास सोपे. संग्राहकांच्या दिवाणखान्यात ती मस्तके गेली आणि तेथून त्यांच्या नकला बाजारात आल्या. आपल्या घरात बुद्ध संपूर्ण बसलेला असावा. मूर्ती लहान असो, मातीची असो, परंतु ती शोभेसाठी नसावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. गावी विहीर खणताना, पाया काढताना मूर्ती, नाणे किंवा करंडक सापडला, तर तो घासू नका, विकू नका. तहसीलदार किंवा पुरातत्त्व खात्यास कळवा आणि कळविल्याची पोच घ्या. 1972 चा पुरावशेष कायदा 1976 पासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. पोच हातात असली, म्हणजे उद्या ती वस्तू कोठे गेली, हे विचारण्याचा तुमचा अधिकार शाबूत राहतो.

तिसरी गोष्ट गहाण दागिन्यांची. अडचण कोणालाही येते, त्यात लाज नाही. परंतु पावती जपा, पत्ता बदलला तर बँकेला किंवा पेढीला लेखी कळवा, नाहीतर नोटीस जुन्या खोलीच्या बंद दारावर येऊन परत जाईल. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने लिलाव करण्यापूर्वी कर्जदाराला सूचना दिली पाहिजे आणि कर्ज वळते करून उरलेली रक्कम त्याला परत केली पाहिजे, असा नियम आहे. आमच्या आईला हे कोणी सांगितले नव्हते. तुम्हाला मी सांगितले आहे.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चाळ सोडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यांत आजोबांचे दीक्षेच्या वेळचे छायाचित्र असेल, मंडळाची वर्गणीची वही असेल, जुन्या पाक्षिकांचे अंक असतील. आज त्यांना रद्दीचा भाव आहे. पन्नास वर्षांनी तेच कागद कोणत्या तरी लिलावाच्या यादीत येतील आणि त्या वेळी तुमच्या नातवंडांना स्वतःचाच इतिहास विकत घ्यावा लागेल. प्रत्येक छायाचित्रामागे नावे लिहा. आईचे, आत्याचे, मावशीचे नाव लिहा. सुकीर्तीच्या घराने बहिणींची आणि पत्नींची नोंद दगडावर केली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहेत.

बंधूभगिनींनो, येथून दादरची चैत्यभूमी फार दूर नाही. तेथे बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. 6 डिसेंबरला देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, रात्रभर रांगेत उभी राहतात, क्षणभर मस्तक टेकवितात आणि पुढे सरकतात. तेथे बोली नाही, राखीव किंमत नाही. जो आला त्याला दर्शन आहे. पिप्रहव्याच्या रत्नांसाठी आपण जी मागणी करावयाची आहे, ती यापेक्षा वेगळी नाही. ज्यांनी दिले त्यांनी सर्वांसाठी दिले. ते सर्वांचे राहिले पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!